थांबाबाई

"थांबा."

मी त्याला पहिल्यांदा म्हटला तो हा शब्द, आणि तोही अंगावर ओरडून. चुंबकाच्या खोलीचं दार उघडं होतं, मी आत नवीन पट्ट्याची जोडणी करत होते, आणि हा माणूस लोखंडी ढकलगाडी घेऊन सरळ आत शिरत होता. आमचं एमआरआयचं यंत्र कधी बंद नसतं. त्यात कुणी झोपलेलं असो वा नसो, चुंबक ओढायचं ते ओढतंच. गाडी उंबरठ्याच्या आत आली असती तर उडत जाऊन यंत्रावर आदळली असती, आणि मधल्या वाटेत मी उभी होते.

तो थांबला. नुसता थांबला नाही, तर एक पाय अर्धवट उचललेला, गाल फुगलेले, श्वाससुद्धा रोखलेला, असा थांबला.

"श्वास घेतला तरी चालेल," मी म्हटलं.

"नक्की ना? तुमच्या आवाजावरून त्यालाही बंदी असेल असं वाटलं."

मी त्याला गाडीसकट मागे पिटाळलं आणि बाहेर येऊन दोन शब्द सुनवायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाडीत भुशामध्ये जपून ठेवलेली काचेची नळी दिसली. ती आमचीच होती. आत धातू चालत नाही, म्हणून श्वासाची हवा मोजायला मी काचेची वाकडी नळी करून मागितली होती. शेजारच्या इमारतीच्या तळघरात प्रयोगशाळांना लागणारी काचेची उपकरणं बनवतात हे मला ठाऊक होतं. ती बनवणारा माणूस साधारण माझ्याच वयाचा असेल, त्याची एक भुवई जळून अर्धी झालेली असेल आणि तरी तो इतका प्रसन्न दिसत असेल, हे मात्र ठाऊक नव्हतं.

माझं काम थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडदा असतो, त्याच्या वरखाली होण्यावर आपला श्वास चालतो. तो निरोगी माणसात नेमका कसा हलतो याची चित्रं मी जमवत होते, म्हणजे ज्यांना धाप लागते त्यांचं कुठे बिघडलंय ते कळेल. त्यासाठी ज्यांचा श्वासावर ताबा आहे अशी माणसं मला हवी असायची. पोहणारे, गाणारे, बिगुल वाजवणारे. त्या दिवशी येणाऱ्या गायिकेचा घसा बसला होता, यंत्र रिकामं होतं, आणि समोर एक काच फुंकणारा माणूस आयताच उभा होता.

मी विचारलं, येता का आमच्या अभ्यासात? तो म्हणाला, लगेच.

"फुंकता का?"

"दिवसभर."

माझा चेहरा पडला. "मग नाही चालणार. सिगारेट ओढणारे आम्ही घेत नाही."

"अहो, काच फुंकतो. सिगारेट नाही."

मी गंभीर चेहऱ्याने पुढचे प्रश्न काढले. अंगात कुठे स्क्रू, पट्टी, तार? नाही. डोळ्यात कधी लोखंडाचा कण? नाही. "हृदयात काही बसवलंय?"

"अजून तरी कुणी बसलेलं नाही," तो म्हणाला.

मी मान खाली घालून 'नाही' लिहिलं. हसले नाही. त्याचं म्हणणं, माझे कान हसले.

आमच्या अभ्यासाचा एक नियम होता. आलेल्या माणसाचं नाव कागदावर येऊ द्यायचं नाही, आणि तो अभ्यासात असेपर्यंत त्याच्याशी कामापलीकडे ओळख वाढवायची नाही. मग आम्ही टोपणनावं ठेवायचो. पोहणाऱ्याचं बेडूक, गायिकेचं कोकिळा, आणि ह्याचं पडलं फुंकर. त्यानेही माझं नाव ठेवून टाकलं होतं हे मला पुढच्या खेपेला कळलं. तळघरातून निरोप आला, 'थांबाबाईंना सांगा, मी निघालोय.'

आत झोपलेल्या माणसाला मी दिसत नाही. मी काचेच्या पलीकडे संगणकांसमोर बसते आणि त्याच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये माझा आवाज तेवढा जातो. त्याच्या पोटावर एक पट्टा बांधलेला असतो. श्वासाबरोबर तो ताणतो, सैल होतो, आणि माझ्यासमोर एक लाट उमटत राहते. काहींची लाट दातेरी, काहींची आळशी. फुंकरची लाट पाहून मी खुर्चीत सावरून बसले. इतका संथ, इतका गुळगुळीत श्वास मी तोवर पाहिला नव्हता. फुंकताना श्वास जरा दचकला की गरम काच एका बाजूने फुगते आणि काम वाया जातं, असं त्यानेच सांगितलं होतं. हा गडी माझ्या अभ्यासाचं सोनं करणार, अशी माझी खात्री पटली.

मी बोलायचं बटण दाबलं. "श्वास घ्या… सोडा… थांबा."

लाट कोलमडली. एक उसासा, एक गचका, आणि नंतर कशीबशी सपाट रेष, तीही थरथरती. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. मी गप्प असले की लाट संथ, बोलले की बेताल. पहिलीच वेळ आहे, आवाजाला बिचकला असेल, म्हणून मी सोडून दिलं.

प्रत्येकाला तीन खेपा याव्या लागत. दुसऱ्या खेपेला बाहेर पाऊस पडत होता आणि तो ओल्या केसांनी आला. यंत्र मोकळं व्हायला वेळ होता म्हणून आम्ही बाकावर बसलो, मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून. तो त्याच्या कामाबद्दल बोलत होता. ज्योतीवर काच कशी मधासारखी सैल होते, तयार वस्तू भट्टीत किती सावकाश गार करावी लागते, घाई केली की तडकते. हे सगळं त्याला काकांनी शिकवलं होतं. बापाच्या जागी होते काका. शेवटी त्यांची छाती कामातून गेली, असं म्हणून तो थोडा वेळ पावसाकडे बघत राहिला आणि मग विषय बदलून माझ्या नियमाची चौकशी करू लागला.

"म्हणजे तुम्ही काय खाता, कुठे राहता, हे मी विचारायचं नाही?"

"नाही."

"आणि तुम्हाला पाऊस आवडतो का?"

"तेही नाही."

"बरं… मग मी सांगतो. मला आवडतो. म्हणजे आज सकाळपासून."

त्या खेपेलाही त्याचा श्वास माझ्या सूचनेवर अडखळला. मी त्याला चिडवलं, गायिका तुमच्यापेक्षा छान थांबते. तो शर्टाची बटणं लावत म्हणाला, ती बहिरी असेल. मला वाटलं, लोणी लावतोय. आणि खोटं कशाला सांगू, ते लोणी मला आवडलं. तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी मी उगाचच केस धुतले. आईने फोनवर नेहमीचा सूर लावला, सगळा जन्म त्या यंत्राशी बोलण्यात घालवणार आहेस का, तर मी चक्क हसले. आई गप्प झाली. माझी आई सहसा गप्प होत नाही.

तिसऱ्या खेपेची शेवटची चित्रं संगणकावर आली तेव्हा तो पलीकडे कपडे बदलत होता. मी सवयीने एकेक चित्र पुढे सरकवत होते, आणि उजव्या फुप्फुसात, खालच्या अंगाला, श्वासाच्या पडद्याच्या थोडं वर, एक ठिपका दिसला.

फिकट होता, पण होता. पुढच्या चित्रात होता, त्याच्या पुढच्यातही होता. मला आधी कामातलं काही आठवलंच नाही. आठवली ती पावसाकडे बघत म्हटलेली काकांची गोष्ट.

चित्र वाचायचा अधिकार माझा नाही. ते काम सरांचं. सर म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, खडीवरून गाडी जावी तसा आवाज आणि त्याहून खरखरीत शिस्त. त्यांनी बघितल्याशिवाय आलेल्या माणसाला अवाक्षर सांगायचं नाही हे त्यांनी आम्हाला बजावून ठेवलं होतं, आणि ते बरोबरच होतं. पण सर परिषदेला परगावी गेले होते, यंत्रावर इस्पितळातल्या रुग्णांची रांग लागली होती, आणि फुंकर भांग पाडून, स्वच्छ चेहऱ्याने माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"झालं ना सगळं? सुटलो मी अभ्यासातून?"

"झालं."

"मग नियमही संपला. समोरच्या हॉटेलात चहा बरा मिळतो. याल?"

किती दिवस मी हे ऐकायला कान टवकारून बसले होते. आणि आता मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. बघितलं असतं तर त्याला सगळं समजलं असतं. मी टेबलावरच्या तारा गुंडाळत म्हटलं, "आज नको. नंतर… बघू."

"बघू," तो म्हणाला. मग बाही सारखी करत, "बरं," आणि तो गेला. दार त्याने इतकं हळू लावलं की मला वाटलं, आपटलं असतं तर बरं झालं असतं.

सर परत यायच्या आधी सुट्टीचा एक दिवस मी ताईकडे काढला. ताईने माझ्यासमोर शेंगा सोलायला ठेवल्या आणि मी दाणे टोपलीत आणि टरफलं पातेल्यात टाकत राहिले. तिने पातेलं माझ्या हातून काढून घेतलं आणि विचारलं, कोण आहे तो? मी म्हटलं, अभ्यासातला एक माणूस, त्याची तब्येत ठीक नसेल कदाचित. ताई म्हणाली, अभ्यासातल्या माणसासाठी कुणी असं नाक लाल करून बसत नाही. मग मात्र मी रडले. तो मला आवडतो हे मी तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या पदराला नाक पुसत, पहिल्यांदा मोठ्याने म्हटलं. ताईने एकच विचारलं, त्याला माहीत आहे का? मी म्हटलं, त्याला वाटतंय मी त्याला नाही म्हटलं.

सर आले त्या सकाळी मी दारातच त्यांना गाठलं. त्यांनी चित्रं पाहिली, चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा पाहिली.

"भूत असेल," ते म्हणाले.

आमच्या धंद्यात भूत म्हणजे चित्रातली खोटी नक्कल. चित्र काढताना माणूस हलला, श्वास चुकला, की छातीच्या कडेची एखादी उजळ रेघ भलत्याच ठिकाणी फिकट होऊन उमटते. हे मला माहीत नव्हतं थोडंच? नवीन मुलांना मीच शिकवते. बेडकाच्या छातीत तो ठिपका दिसला असता तर मी खाता खाता म्हटलं असतं, भूत आहे, पुढचं दाखवा. फुंकरच्या छातीत दिसला आणि माझी सगळी विद्या पळाली.

"पण नसेलही," सर म्हणाले. "बोलवा त्यांना. आणि खरं काय ते सांगा फोनवर. माणसाला उगीच कोड्यात ठेवू नका."

मी फोन केला. पलीकडे ज्योतीचा फुरफुर आवाज येत होता.

"थांबाबाई," तो म्हणाला, "चहाचं ठरलं वाटतं."

"नाही. तुम्हाला पुन्हा एकदा चित्रासाठी यावं लागेल." माझा आवाज मलाच परका वाटला. "तुमच्या चित्रात एक ठिपका दिसलाय. बहुतेक चित्राचाच दोष आहे. पण खात्री झाल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही."

ज्योतीचा आवाज बंद झाला. त्याने गॅस बंद केला असणार.

"त्या दिवशी दिसला होता का?"

"हो."

"म्हणून चहा नको होता?"

"म्हणून."

तो खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "विचित्र आहे. घाबरायला झालंय, आणि तरी थोडं बरं वाटतंय… येतो मी."

तो आला तेव्हा चेष्टा नव्हती, काही नव्हतं. पट्टा बांधताना माझी बोटं त्याच्या शर्टाला लागली आणि आम्ही दोघांनीही दुसरीकडे पाहिलं. त्याने हळूच विचारलं, काकांसारखं असलं तर काच सोडावी लागेल, नाही का? मी म्हटलं, आधी बघू तर द्या. माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

सर माझ्या शेजारी येऊन बसले. भूत ओळखायची आमची एक साधी रीत आहे. चित्र काढायची दिशा बदलायची. खरा ठिपका जागा सोडत नाही, भूत सोडतं. मी दिशा बदलली, बटण दाबलं आणि म्हटलं, "श्वास घ्या… सोडा… थांबा." लाट नेहमीसारखी धडपडली. यंत्राने ठकठक केली. चित्र वरून खाली हळूहळू उमटू लागलं, आणि मी टेबलाची कड घट्ट धरली.

जुन्या जागी काही नव्हतं. ठिपका सरकून पार दुसऱ्या बाजूला, बरगड्यांच्याही बाहेर, हवेत जाऊन बसला होता.

"हवेत कुणाला आजार होत नाही," सर म्हणाले.

माझ्या तोंडून हुंदका निघाला की हसू, मला अजून सांगता येत नाही. इतक्या दिवसांचं ओझं एकदम उतरलं. पण सर समाधान मानणाऱ्यातले नाहीत. त्यांची नजर लाटेवर होती. त्यांनी बोलायचं बटण स्वतः दाबलं आणि खडीच्या आवाजात फर्मावलं, "श्वास घ्या. सोडा. थांबा."

लाट पट्टीने आखल्यासारखी सपाट झाली. जराही हलली नाही. चित्र इतकं नितळ आलं की फुप्फुसातली बारीक बारीक फांदी दिसत होती. ठिपका नव्हता, भूत नव्हतं, काही नव्हतं.

सरांनी मागच्या तिन्ही खेपांच्या लाटा उघडल्या. एकेक पाहिली. प्रत्येक वेळी माझं बोलणं सुरू, की गचका. मग ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"बाई, यांच्या फुप्फुसांना काही झालेलं नाही. तुमचा आवाज आला की यांचा श्वास चुकतो. आजवरची चित्रं बाद करा. आणि यांना अभ्यासातूनही काढा, असल्या माणसाचा तुम्हाला काही उपयोग नाही."

कष्टाने जमवलेली चित्रं बाद झाल्याचा आनंद मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला.

मी आत गेले. यंत्राच्या नळीतून टेबल बाहेर घेतलं, त्याचे हेडफोन काढले. तो छताकडे बघत पडून होता.

"सांगा," तो म्हणाला. "गोल गोल नको."

"काही नाही. छाती स्वच्छ आहे. सरांनी स्वतः पाहिली."

"आणि ठिपका?"

"भूत होतं. तुमच्याच चुकलेल्या श्वासाचं."

त्याने डोळे मिटले. कडेने पाणी आलं आणि झोपलेला असल्यामुळे सरळ कानात गेलं, तेव्हा तो रडता रडता हसला. छाती एवढी मोठी वरखाली झाली की पट्टा करकरला.

"खूप घाबरला होतास?" मी विचारलं. 'तू' कधी तोंडातून निघून गेलं मला कळलं नाही. त्याला मात्र कळलं. त्याने डोळे उघडले.

"खूप. काकांचे शेवटचे दिवस मी पाहिलेत. तू?"

"तुझ्यापेक्षा जास्त. मी ताईकडे बसून रडले."

"माझ्यासाठी?"

"नाही, बेडकासाठी." मग मला वाटलं, पुरे झाली चेष्टा. एवढी भीती काढल्यावर आता कशाला लपवायचं? "तू मला आवडतोस. त्या दिवशी चहाला नाही म्हणताना मला किती जड गेलं, तुला कल्पना नाही. आणि तुझी चित्रं बाद झालीत, सगळी. माझ्या आवाजाने तुझा श्वास चुकतो म्हणे. खरं आहे?"

"खरं आहे."

"का?"

त्याने डोक्यामागच्या नळीकडे पाहिलं. "रोज ज्योतीपुढे बसतो, हात हलत नाही, श्वास हलत नाही. मला वाटायचं आपण असेच, शांत. मग इथे त्या अंधाऱ्या नळीत पडलो, आणि कानात तू बोललीस… असं वाटलं, कुणीतरी अगदी जवळ येऊन बसलंय आणि आता उठून जाऊ नये. मी खरंच थांबायचा प्रयत्न करत होतो. शपथ."

मी पट्ट्याच्या प्लास्टिकच्या बक्कलवर हात ठेवला. त्याने त्यावर आपला हात ठेवला. भाजल्याच्या जुन्या खुणा असलेला, गरम, खडबडीत हात. त्याच्या पोटावर आमचे दोघांचे हात वरखाली होत होते, मुळीच संथ नाही.

छतातला स्पीकर खरखरला.

"मला ऐकू काही येत नाहीये," सर म्हणाले. "पण पट्टा अजून चालू आहे, आणि लाट इथे समोर दिसतेय. पुढचे रुग्ण बाहेर बसलेत, तेवढं लक्षात असू द्या."

मी लाजेने लाल झाले आणि घाईघाईने बक्कल सोडली. काचेपलीकडची लाट थांबली असणार. हात मात्र मी तिथेच राहू दिला.